आठ काठ्या

शेषरावतात्यानं लिंबाजीनानाला फसवलं. नेकनूरच्या भर बाजारात, दिवसाढवळ्या, हातात हात घेऊन फसवलं. ज्या रुमालाखाली फसवलं तो रुमाल माझा होता, म्हणून हे लिहिणं माझ्याकडं आलं.

मी शेळ्यामेंढ्यांचा व्यापारी. एका शेळीवर धंदा सुरू केला, आज दारात दोन पिकअप उभ्या आहेत. मला कुणी काही दिलेलं नाही, आणि माझं कुणी घेतलं तर मी सोडत नाही. तोंडाचा फटकळ आहे, हाताचा त्याहून. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण पुढं मी दोघांना मारल्याचं येणार आहे आणि त्याची केसही माझ्यावर आहे. ती मला मान्य आहे.

आमच्या बाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. घेणाऱ्याचा आणि विकणाऱ्याचा हात रुमालाखाली जातो आणि बोटं बोलतात. एक बोट धरलं की एक, सगळा पंजा दाबला की पाच, पंजा दाबून वर तीन बोटं धरली की आठ. भोवतीच्या लोकांना फक्त रुमाल हललेला दिसतो. जमलं की मधला माणूस आपला हात आत घालतो, दोघांची बोटं चाचपतो आणि रुमाल ओढतो. रुमाल ओढला की सौदा झाला. कागद नाही, सही नाही, डोळ्यांनी बघितलेला साक्षीदार नाही. म्हणूनच ती जबान मोडायची नसते.

हे मला नानानं शिकवलं, आणि काठीनं शिकवलं.

मी तेव्हा बावीस-तेवीस वर्षांचा असेन. नानाच्या एका मेंढ्यावर हात दिला, रुमाल ओढला गेला, आणि तेवढ्यात पलीकडं मला त्याहून भारी मेंढा दिसला. मी परत येऊन म्हणालो, हा नको. नाना तोवर खाली बसून पायातला काटा काढत होता. त्यानं वर बघितलंसुद्धा नाही. बसल्या जागेवरून काठी फिरवली ती थेट माझ्या नडगीवर. मी खाली पडलो. "हात दिला का न्हाई?" तो म्हणाला. मी जवळचा दगड उचलून मारला, तो त्याच्या कपाळाला लागला. मग आम्ही दोघं लोळलो. लेंड्यांत, धुळीत, लोकांच्या पायांत. त्याचं वय माझ्या दुप्पट, पण अंगात नुसत्या शिरा. माझं मनगट त्यानं असं पिळलं की पुढं आठ दिवस मला पाण्याचा तांब्या उचलेना.

लोकांनी सोडवलं. नानाच्या भुवईतून रक्त गळत होतं. त्यानं माझ्याच खांद्यावरचा रुमाल ओढून कपाळ पुसलं, रुमाल परत माझ्या खांद्यावर टाकला आणि म्हणाला, "आता मेंढा सोड अन् घिऊन जा. भांडण वायलं, सौदा वायला."

मीही दोन्ही वेगळं ठेवून मेंढा घेऊन गेलो. पुढच्या बाजाराला त्यानं लांबूनच हाक मारली, "ओ व्यापारी, नडगी कशी हाय?" त्या दिवसापासून मला त्यानं कधी नावानं हाक मारली नाही.

अंगानं तो काटकुळा, उंचीनं बेताचा, डोक्याला विटका लाल पटका. डावा कान अर्धाच होता. लांडग्यानं खाल्ला असं तो सांगायचा. त्याची बायको मथाकाकू सांगायची, "लांडगा कशाचा, लहानपणी बोकडानं खाल्लाय. माणसानं नाव तरी मोठ्याचं घ्यावं म्हणून लांडगा म्हनत्यात." हे ती नानाच्या समोर सांगायची आणि नाना मान डोलवायचा.

त्याची काठी बाभळीची, खाली लोखंडी टोपण. ती त्याची काठी नव्हती, मोजपट्टी होती. जग तो काठ्यांत मोजायचा. विहीर नऊ काठ्या खोल. वस्तीतल्या पोरीला बघायला आलेला नवरा मुलगा काठीला चार बोटं कमी. तात्याचा नवा बंगला बघून आला तेव्हा मी विचारलं, कसा आहे? "बावीस काठ्या लांब," तो म्हणाला. "राहणारी माणसं तीन. एकमेकाला हाका मारायला फोन लावीत असतील."

रोज सकाळी उठला की चिमूटभर माती हवेत सोडून वारा कुठला आहे ते बघायचा. मेंढरं कधी तोंडानं मोजायचा नाही, दुसऱ्यालाही मोजू द्यायचा नाही. नुसती नजर फिरवायचा आणि लंगड्या शेळीचं पिल्लू मागं राहिलं असेल तर म्हणायचा, लंगडीची पाट आली न्हाई.

आणि बिडी. नानाच्या तोंडात कायम बिडी असायची, पण पेटलेली नसायची. दिवाळीपासून गवत वाळायला लागतं, तिथपासून मिरगाच्या पावसापर्यंत डोंगराच्या अंगाला त्यानं कधी काडी ओढली नाही. दिवसभर कोरडी बिडी ओठात धरून फिरायचा. तिसऱ्या प्रहरी मेंढरं पाण्यावर आली की तलावात घोट्याएवढा आत जायचा आणि तिथं उभा राहून बिडी पेटवायचा. संपली की थोटूक पाण्यात बुडवून, चुरगाळून, परत खिशात. मथाकाकू म्हणायची, "दिसभर तोंडाला लावून फिरत्यात, पर पेटवायला पानी लागतंय. असला माणूस कुटं बघितलाय का दादा?"

या बिडीबद्दल मी एवढं का सांगतोय ते पुढं कळेल.

नाना राहायचा ती काठवस्ती चौसाळ्याहून आत, डोंगराच्या कुशीतल्या तलावाच्या काठावर आहे. जुनं गाव तलावात गेलं. बाकीचे लोक सरकारनं दिलेल्या जागेवर गेले, पण ज्यांचं पोट मेंढरांवर आणि तलावातल्या मासळीवर होतं ती तीसेक घरं पाण्याच्या वर सरकून तिथंच राहिली. पत्र्याची घरं, पाचटाचे मांडव, काट्यांची कुंपणं. एका बाजूला पाणी आणि तीन बाजूंनी डोंगराचं गवत. उन्हाळ्यात ते गवत कमरेएवढं, पिवळं, आणि हात लावला तर मोडेल इतकं कोरडं. गाडीला जायला यायला एकच रस्ता, तोही गवतातून.

वणवा दर दोन-तीन वर्षांनी कुठून ना कुठून लागतोच. म्हणून वस्तीचा एक रिवाज होता. होळीच्या दुसऱ्या दिवशी, धुळवडीला, गावोगाव लोक एकमेकांना रंग लावतात, तेव्हा काठवस्तीतली माणसं होळीचा विस्तव फुटक्या खापरात घेऊन डोंगराच्या पायथ्याला जायची आणि वस्तीभोवती गवताचा पट्टा जाळून काढायची. घरटी एक माणूस, हातात ओलं पोतं किंवा लिंबाचा डहाळा. नाना पुढं. काठी टाकून पट्ट्याची रुंदी मोजायची, चार हात जाळायचं, बडवून विझवायचं, मग पुढचं चार हात. बायका घागरी घेऊन मागं. नाना ओरडायचा नाही. कुणी विस्तवाकडं पाठ केली की मात्र त्याच्या पिंडरीवर काठी बसायची. "जाळ पाठीवर घ्यायचा न्हाई बे. त्वांडावर घ्यायचा." संध्याकाळपर्यंत वस्तीभोवती काळा पट्टा उमटायचा, दहा काठ्या रुंद. मग सगळे तलावात उड्या मारायचे. काळी माणसं, काळं पाणी. रंगपंचमी म्हणजे त्यांची तीच.

तो पट्टा होता तोवर वणवा यायचा, पट्ट्यापाशी थांबायचा आणि विझून जायचा. वस्तीला त्याचं काही वाटायचंही नाही.

शेषरावतात्या आमच्या भागातला पुढारी. सोसायटी त्याची, टँकर त्याचे, दोन जेसीबी त्याचे. माणूस गोड बोलायचा. त्याचा पुतण्या पिंटू मात्र तसा नव्हता. एकदा उन्हाळ्यात पिंटू आणि त्याचे मित्र मोटारसायकली घेऊन तलावावर आले होते. मी मेंढरं बघायला गेलो होतो, नानाजवळ उभा होतो. पिंटूनं सिगारेट ओढली आणि जळतं थोटूक टिचकीनं गवतात उडवलं. नाना धावला नाही. चालत गेला, धूर येत होता तिथं आपला उघडा तळहात दाबला, धूर बंद होईपर्यंत दाबून धरला. मग उठला, पिंटूजवळ आला आणि त्याच काळ्या, भाजलेल्या हातानं त्याच्या तोंडात दिली. पिंटूच्या गालावर पाच बोटं काळी उमटली. मित्र अंगावर आले तसा मी पुढं झालो, पण नानानं मला काठीनं अडवलं. "तू कावून मधी पडायलास? झालं त्येचं आन् माजं." पिंटू मोटारसायकलवर बसला आणि म्हणाला, म्हाताऱ्या, तुला ह्याच गवतात जाळतो. नाना म्हणाला, "पावसाळ्यात ये. आत्ता न्हाई जमायचं."

त्याच्या पुढच्या वर्षी डोंगराच्या पायथ्याला तात्यानं एक पाटी लावली. वृक्षलागवड, इतकी झाडं, अमक्याच्या हस्ते. फोटोपुरते पंचवीस-तीस खड्डे झाले, तितकी रोपं लागली, फोटो झाला. पावसाळा संपेतो त्यातली निम्मी नानाच्या शेळ्यांनी खाल्ली आणि निम्मी वाळली. हे नानानंच मला सांगितलं, लपवलं नाही. पाटीवरची बाकीची झाडं कुणी बघितली नाहीत.

होळी जवळ आली तसा तात्याचा निरोप आला. यंदा पट्टा जाळायचा नाही. तिथं लागवड आहे, जाळलं तर गुन्हा दाखल होईल.

वस्ती घाबरली. नाना घाबरला नाही. पण वस्तीतल्या पोरांना कोर्टकचेरी नको होती. मला वाटलं, आपण एवढे सौदे जमवतो, हाही जमवू. मला माझ्या हुशारीचा लई माज. बाजारच्या दिवशी तात्या बैल बघायला आलाच होता. मी दोघांना लिंबाखाली आणलं. म्हटलं, तात्या, जाळायचं नाही तर तुमच्याकडं जेसीबी आहे. पायथ्याचं गवत खरवडून मातीचा पट्टा काढून द्या. होळीच्या आत. वस्तीचंही भागेल आणि तुमच्या झाडांनाही चटका लागणार नाही.

तात्या हसला. "किती रुंद पाहिजे तुमच्या नानाला?"

नानानं माझ्याकडं हात केला. मी खांद्यावरचा रुमाल दिला. तात्यानं एकवार भोवती बघितलं. शेतकऱ्याच्या घरचा माणूस, बैलबाजारात वाढलेला, त्याला ही भाषा येत होती. त्यानं हात दिला. रुमाल बराच वेळ हलत राहिला. नाना दहा म्हणत होता हे मला त्याच्या खांद्यावरून कळत होतं. तात्या पाचावर अडला असावा. शेवटी दोघं थांबले. मी माझा हात आत घातला. नानाचा हात खरखरीत, गाठी पडलेला, आणि त्यात तात्याचा मऊ, अंगठीचा. तात्याच्या हातानं माझा पंजा दाबला आणि वर तीन बोटं धरली. आठ. आठ काठ्या. मी रुमाल ओढला.

"झालं का मनासारखं?" तात्या म्हणाला. नाना हसला. त्याला असं हसताना मी फार थोड्या वेळा बघितलं.

चूक झाली ती तिथं. तात्यानं हात बाजाराचा दिला, पण तो बाजाराचा माणूस नव्हता. हे आम्हाला दोघांनाही सुचलं नाही, कारण रुमालाखालची जबान मोडून पचवणारा माणूस आम्ही कधी बघितलाच नव्हता.

होळी झाली, जेसीबी आला नाही. धुळवडीला वस्तीतली माणसं खापर घेऊन उभी राहिली तेव्हा नानानं त्यांना परत पाठवलं. मी फोन केला, तात्या म्हणाला उद्या. परवा केला, म्हणाला डिझेल नाही. मग मी पिकअप घेऊन त्याच्या शेतावर गेलो. दोन्ही जेसीबी तिथंच होते, तात्याचं स्वतःचं शेततळं खोदत होते. मी तिथून थेट काठवस्तीला गेलो आणि नानाला सांगितलं, आजच्या आज जाळ. गुन्हा झाला तर वकील मी देतो.

नाना पाण्यात उभा राहून बिडी ओढत होता.

"रुमाल तू वडला का न्हाई?" त्यानं विचारलं.

"ओढला."

"मग? आता मी जाळलं तर सौदा मी मोडला आसं हुतंय. त्येनं मोडला आसं न्हाई हुत."

"नाना, तो येणार नाही."

"यील. वाऱ्याला अजून येळ हाय."

मी चिडलो, नाही नाही ते बोललो. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "व्यापारी, तुजं डोकं म्हंजी चैतातलं गवत हाय. काडीबी लागत न्हाई, नुसतं तापलं तरी पेटतंय."

वारा चैत्रात फिरला. त्या दिवशी मी वस्तीवर बोकडं भरायला गेलो होतो. दुपारची वेळ होती. नाना मेंढरं घेऊन पाण्यावर होता, मथाकाकू मला चहा देत होती. नानानं चिमूटभर माती सोडली ती सरळ तलावाकडं उडाली. त्यानं वर बघितलं. डोंगराच्या माथ्यावर, जिथून वरचा रस्ता जातो तिथं, धुराची एक रेघ उठली होती. हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय. वणवा माथ्यावर लागला तेव्हा नाना गुडघ्याएवढ्या पाण्यात माझ्यासमोर उभा होता. तेव्हाही सांगितलं आणि आता लिहून देतो.

रेघेची भिंत व्हायला फार वेळ लागला नाही. आवाज आधी आला. पत्र्यावर कुणी खडी ओततंय असा. मग पाखरं आली, मग ससे, एक कोल्हा माणसांच्या मधून पळत पाण्यात शिरला. मी पिकअप वळवली, म्हाताऱ्यांना आणि लेकरांना भरलं, पण रस्त्याच्या दोन्ही बाजूंचं गवत तोवर पेटलं होतं. परत फिरलो. नानानं सगळ्यांना तलावात घातलं. बायका कमरेएवढ्या पाण्यात, डोक्यावर पोरं. मेंढरं पाण्यात जायला बघत नव्हती, तर त्यानं मेंढा शिंगाला धरून आत ओढला, तशी बाकीची मागं गेली.

मग त्यानं वस्तीतल्या आठ-दहा जणांना घेतलं आणि घरांच्या पाठीमागच्या पाऊलवाटेवर उभं केलं. प्रत्येकाच्या हातात पेटवलेलं पाचट. म्हणाला, मी सांगितल्याबिगर लावायचं न्हाई.

मला कळेना. वणवा समोरून येतोय आणि हा आणखी जाळ लावणार. त्यानं मला नंतर सांगितलं ते असं. मोठा जाळ जवळ आला की त्याला हवा लागते. तो खालची हवा वर ओढून घेतो. तेवढ्या वेळापुरता वारा उलटा होतो. त्याच वेळी आपण खालून लावायचं. आपला जाळ त्याच्याकडं ओढला जातो, मधलं गवत खाऊन टाकतो आणि दोन्ही जाळ एकमेकांना भिडून मरतात. आधी लावला तर आपलीच घरं जळतात. उशीर झाला तर काय होईल ते सांगायला नको. नाना तोंडात कोरडी बिडी धरून, पटक्याचा सुटलेला शेव हातात उंच धरून उभा होता. कापड तलावाकडं फडफडत होतं. ठिणग्या आमच्या अंगावर पडत होत्या. एका माणसाच्या सदऱ्यानं पेट घेतला. नाना हलला नाही. मग ते कापड एकदम लोंबलं, आणि डोंगराकडं वळलं.

"लावा," नाना म्हणाला.

पूर्वेकडून लावत आम्ही पश्चिमेकडं सरकलो. वीसेक घरांच्या मागं जाळ उठला आणि खरोखर डोंगराकडं धावला. त्याच वेळी तलावाच्या बांधावरून पिंटू आणि त्याचे दोघं मित्र आले. बांध पलीकडचा, त्यावर एका माणसापुरती पायवाट, तिथं आग नव्हती. ते धूर बघून आले होते आणि आल्यापासून फोनवर व्हिडिओ काढत होते. पिंटूनं नानाला पेटतं पाचट गवताला लावताना बघितलं. "म्हातारा वस्ती पेटवायलाय," असं ओरडत तो आला, फोन एकाच्या हातात दिला आणि नानाला मागून लाथ घातली. नाना पडला. तिघांनी त्याला तुडवला. पोटात, पाठीत, अर्ध्या कानावर. नाना हातातलं पाचट सोडत नव्हता, तर पिंटूनं त्याच्या मनगटावर बूट ठेवला.

मी पिकअपमधला जॅकचा रॉड घेतला आणि पिंटूच्या खांद्यावर घातला. हाड मोडल्याचा आवाज मला आगीच्या आवाजातही ऐकू आला. दुसऱ्याला पण दिला. तिसरा फोन घेऊन पळाला.

पण एवढ्यात वेळ गेली होती, बाकीचेही लावायचं सोडून नानाकडं धावले होते. वारा परत फिरला. पश्चिमेच्या टोकाची सहा घरं उरली होती, त्यांच्या मागं जाळ लावायचा राहिला. वणवा थेट त्या घरांवर आला. शेवटचं घर नानाचं.

त्याच्या काट्यांच्या वाड्यात कोकरं होती. आया पाण्यात आणि कोकरं वाड्यात, कळपामागं लांब चालता न येणारी, आठ-दहा दिवसांची. नाना रांगत उठला आणि तिकडं धावला. कुंपण पेटलं होतं. फाटकाला तार गुंडाळलेली, ती तापून लाल. त्यानं ती उजव्या हातानं उलगडली. एक वेढा, दुसरा वेढा, तिसरा. मी मागून पोचलो तेव्हा फाटक उघडलं होतं आणि आत ओरडणं थांबलं होतं. नाना दोन कोकरं काखेत घेऊन बाहेर आला. दोन्ही मेलेली होती. ते त्याला कळलं नव्हतं. त्यानं ती पाण्यात नेऊन आईपुढं धरली. मेंढीनं हुंगलं आणि तोंड फिरवलं, तेव्हा त्यानं खाली बघितलं.

तीसेकातली सहा घरं गेली. माणूस एकही गेला नाही.

संध्याकाळपर्यंत व्हिडिओ सगळ्या तालुक्यात फिरला. चाळीस सेकंदांचा. त्यात एक म्हातारा तोंडात बिडी धरून वाळल्या गवताला जाळ लावतो, एवढंच. आधीचा वणवा नाही, नंतरच्या लाथा नाहीत. बिडी पेटलेली नव्हती हे फोनवर दिसत नाही. नाना दवाखान्यात असतानाच गुन्हा दाखल झाला. फिर्याद तात्यानं दिली. बिडीच्या निष्काळजीपणानं आणि नंतर जाणूनबुजून आग लावली, शासनाची लागवड जाळली. पाटीवर लिहिली होती तितकी सगळी झाडं जळाल्याचा पंचनामा झाला. कधी न लावलेली झाडं जळाली, आणि ती एका मेंढपाळाच्या नावावर जळाली. जेसीबीनं पट्टा काढला असता तर पायथ्याला झाड नाही हे सगळ्यांना दिसलं असतं. आठ काठ्या का आल्या नाहीत, त्याचं माझ्यापुरतं उत्तर हे आहे. तात्याकडं दुसरं असेल तर त्यानं सांगावं.

मी पोलीस ठाण्यात जबाब द्यायला गेलो. सगळं सांगितलं. रुमालाचं सांगितलं तेव्हा लिहिणारा थांबला आणि म्हणाला, "मग काय करू, रुमाल जप्त करू?" बाकीचे हसले. मी टेबल उलथवलं. त्यानंतर माझा जबाब कुणी घेतला नाही, माझ्यावरचा मात्र घेतला.

तात्याला मी सोसायटीच्या दारात गाठला. म्हटलं, आठ म्हणाला होतात का नाही? तो शांतपणे म्हणाला, "गंमत केली होती रे. म्हाताऱ्या माणसाचं मन राखावं लागतं. आन् रुमालाखाली काय झालं ते कुणी बघितलंय?" भोवती त्याची माणसं होती. मी हात उचलला नाही. आयुष्यात एकदाच उचलला नाही, आणि त्याचीच मला लाज वाटते.

नानाला हे सांगितलं तेव्हा तो दवाखान्याच्या ओट्यावर बसला होता. मला वाटलं शिव्या देईल. "भांडण वायलं," असं म्हणून तो थांबला.

मथाकाकूनं राहिलेली मेंढरं विकायला काढली. सौदा मी दुसऱ्या व्यापाऱ्याकडून करवला, माझा हात मला घालवेना.

नाना शेवटचा दिसला तो नेकनूरच्या बसथांब्यावर. बाजारचाच दिवस होता. बीडला तारखेला निघाला होता. धुतलेलं धोतर, नवा पटका, ओठात कोरडी बिडी. पाऊस पडून गेला होता, हिरवं उगवलं होतं, आता पेटवायला हरकत नव्हती. मी काडीपेटी पुढं केली. त्यानं मान हलवली. जुनी काठी घराबरोबर जळाली होती, हातात दुसरी होती, ती त्याला उंचीला जमत नव्हती.

म्हणाला, रुमाल दे.

मी दिला. त्यानं उजवा हात रुमालाखाली घातला. मी माझा घातला. त्याच्या बोटांची कातडी एकमेकांना चिकटून त्यांचा एक गोळा झाला होता. अंगठा तेवढा सुटा. तो गोळा माझ्या हातात काहीतरी करू पाहत होता. दाबत होता, थांबत होता, परत दाबत होता. मला वाचता येईना. वीस वर्षं ती बोटं मी अंधारात वाचली असती, आणि आता भर उन्हात मला त्यातलं काही कळेना.

मग त्यानं रुमाल स्वतःच काढला आणि सगळ्या थांब्याला ऐकू जाईल असं म्हणाला, "आठ."

सौद्याचा आकडा तोंडानं बोलल्याचं मी त्याच्याकडून तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. बस आली. डाव्या हातानं दांडी धरून तो चढला. खिडकीतून दिसला तो पटका, अर्धा कान आणि न पेटवलेली बिडी.

आषाढात तो गेला. दुसऱ्याच्या पडवीत, मथाकाकूच्या मांडीवर. पुढं कोर्टातून कागद आला. आरोपी मयत, सबब प्रकरण बंद. म्हणजे नानानं वणवा लावला नाही, हे आता कुणीही कधीही म्हणणार नाही. ज्यानं चोवीस घरं राखली तो कागदावर जाळणारा म्हणून संपला. सहा घरांच्या जागी अजून राख आहे. पाटी मात्र नवी लागली आहे, नव्या आकड्यासह.

कोर्टानं प्रकरण बंद केलं असेल. मी केलेलं नाही. शेषरावतात्या, तो रुमाल माझ्याकडं आहे. तुम्ही म्हणता कुणी बघितलं नाही. माझ्या हातानं बघितलंय. तुमची अंगठी मला लागली होती. तुम्ही पंजा दाबलात आणि वर तीन बोटं धरलीत. येत्या बाजारी नेकनूरला या, लिंबाखाली, तुमची सगळी माणसं घेऊन या. मथाकाकू तिथं असेल, काठवस्ती असेल, मी असेन. या वेळी रुमाल टाकायचा नाही. उघडा हात पुढं करा आणि सगळ्यांसमोर तोंडानं सांगा. किती काठ्या म्हणाला होतात, आणि त्या कुठं आहेत?